सिंगापूर ते बाटम फेरीबोट : मांडव्याला जायच्या वेळात दुसरा देश

भाऊ सिंगापूरला असतो म्हणून आई आणि मी मे महिन्यात दहा दिवस जाऊन आलो. सेंटोसा, मरीना बे वगैरे तीन-चार दिवसात उरकलं आणि मग भाऊ म्हणाला ताई, एक दिवस बोटीने इंडोनेशियाला जाऊन येऊ, समोरच आहे. आईचं माहेर रेवदंड्याचं, लहानपणी साळावला जायला होडी आणि मुंबईला यायला रेवसची लाँच, त्यामुळे बोट म्हटल्यावर बाई मॉलपेक्षा जास्त खूश. इथे लिहितेय कारण सिंगापूरला जाणारे आपले बरेच लोक मला विचारतात की बाटमला, म्हणजे त्या समोरच्या इंडोनेशियाच्या बेटावर, जाण्यात अर्थ आहे का. आहे, पण आम्ही केलं तसं करू नका.

बोट सुटते हार्बरफ्रंटहून, मेट्रोचं स्टेशन खालीच आहे, डोक्यावरून सेंटोसाची केबल कार जाते. तिथून दोन-तीन कंपन्यांच्या बोटी आहेत आणि बाटमला उतरायची बंदरंही तीन-चार आहेत, बाटम सेंटर, हार्बर बे, सेकुपांग वगैरे, आणि नोंग्साला जायचं तर बोट वेगळ्याच टर्मिनलहून, तानाह मेराहहून सुटते. तिकीट काढताना हे नीट बघा, नाहीतर हॉटेल एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. दिवसभर बोटी चालू असतात, पण चेक-इन आधीच बंद होतं, भाऊचा धक्का नव्हे की शिडी उचलता उचलता उडी मारली. तास-सव्वा तास आधी जाच. शनिवारी तर जाऊच नका, अख्खं सिंगापूर पलीकडे स्वस्तात खायला, मसाज घ्यायला आणि गोल्फ खेळायला निघालेलं असतं.

आता बोट. आई आत शिरली, रांगेत लावलेल्या सीटा, बंद काचा आणि फुल एसी बघितला आणि म्हणाली, "ही कसली बोट गं, ही तर एशियाड झाली!" अगदी खरं आहे. वारा नाही, खारं पाणी तोंडावर उडत नाही, सीगलना गाठ्या टाकायची सोय नाही. आमच्या बोटीला वर थोडी उघडी जागा होती पण जाताना कुणाला सोडलंच नाही. एसी इतका की शाल पाहिजे. हे सोडलं तर बोट स्वच्छ, टॉयलेट चांगलं, वेळेत सुटली, आणि पाणी इतकं शांत की आईची अ‍ॅव्होमिनची गोळी वाया गेली.

पण खिडकीची सीट मिळवा, भांडून मिळवा. सिंगापूरची सामुद्रधुनी म्हणजे जहाजांचा एक्स्प्रेस वे आहे, मलाक्काकडून चीन-जपानला जाणारा माल इथूनच जातो, आणि जहाजात तेल भरायला जगातलं सगळ्यात मोठं बंदर सिंगापूरच, त्यामुळे दोन्ही बाजूला टँकर नुसते नांगर टाकून उभे, मोजता मोजता थकायला होतं. आपली एवढीशी बोट त्यांच्या मधून रस्ता क्रॉस करते, चालू कंटेनर जहाजाच्या मागून गेलो तेव्हा ते सात-आठ मजली बिल्डिंगसारखं दिसत होतं. आई अर्धा तास काचेला नाक लावून. मुंबईत गेटवेवरून मांडव्याला जाताना पण जहाजं दिसतात, पण ती लांब असतात.

अंतर वीसेक किलोमीटर, वेळ तासाच्या आसपास, म्हणजे आपलं गेटवे-मांडवा. पण घड्याळ इथे गंमत करतं, बाटम सिंगापूरच्या एक तास मागे आहे, त्यामुळे आम्ही दहाला निघालो आणि दहालाच पोचलो. येताना तोच तास परत कापून घेतात. शिवाय किनाऱ्यावर माझा फोन अधूनमधून सिंगापूरचं नेटवर्क पकडून तिथलीच वेळ दाखवत होता. परतीच्या तिकिटावरची वेळ बाटमची असते हे डोक्यात पक्कं ठेवा.

पोचताना टेकडीवर पांढऱ्या मोठ्या अक्षरात वेलकम टू बाटम, आणि बंदराबाहेर पिरॅमिडसारख्या छपराची मोठी मशीद. आणि मग व्हिसा. भारतीय पासपोर्टला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, 5,00,000 रुपिया. आईने आकडा ऐकला आणि पर्स छातीशी धरली, "पाच लाख? मी बोटीतच बसते, तुम्ही या जाऊन." भावाने समजावलं की आपल्या पैशात ते काही हजारात जातं. ऑनलाइन आधीच काढून ठेवला तर एक लाइन वाचते. मुद्दा असा की हा व्हिसा 30 दिवसांचा आहे आणि तुम्ही सहा तासांसाठी तेवढेच पैसे भरताय, माणशी. चौघांचं कुटुंब असेल तर बोटीच्या तिकिटासकट हिशोब करा आणि निदान एक रात्र रहा. आम्ही राहिलो नाही, ती चूक झाली. बारेलांगचा पूल (एक नाही, सहा पूल आहेत, बेटं जोडलेली) आणि पुढे गालांगला व्हिएतनामच्या निर्वासितांची जुनी छावणी, भावाला हे दोन्ही बघायचं होतं आणि वेळच उरला नाही.

मग काय केलं तर बंदरातूनच निघणाऱ्या पादचारी पुलावरून समोरच्या मॉलमध्ये गेलो, म्हणजे सिंगापूरहून मॉल टाळायला आलो आणि मॉलमध्येच. पण आईने तिथे मजा केली. एका दुकानावर पाटी होती, सेपातु. आत सगळ्या चपला-बूट. आई म्हणाली अगं सपाता! आमची आजी सपाताच म्हणायची. नंतर फोनवर शोधलं तर दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले, ते रेवदंड्यातही होते आणि या बाजूलाही. तिथून पुढे आई प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती, भाषेला बहासा, नावाला नामा, आणि नवऱ्याला सुआमी म्हणतात हे कळल्यावर तिला जे हसू आलं ते थांबेना. जेवायला गाडो-गाडो, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी, शाकाहारी माणसाचं भागतं, फक्त अंडं नको आणि कोलंबीची पेस्ट नको हे आधी सांगा.

परतीला मात्र डोकं फिरलं. आमची साडेचारची बोट कंपनीने सहाच्या बोटीत ढकलली, ना मेसेज ना काही, काउंटरवरची मुलगी गोड हसून नवीन बोर्डिंग पास देत होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, बाकीच्याही कमी प्रवासी असले की असंच करतात असं भाऊ म्हणतो. त्या रात्री विमान असतं तर वाट लागली असती. विमानाच्या दिवशी बाटम करू नका म्हणजे नकाच. आईने शांतपणे डबा उघडून दशम्या काढल्या आणि शेजारच्या इंडोनेशियन बाईला एक दिली, तिने लापिस केकचा तुकडा दिला, एकावर एक पातळ थरांचा, लोण्याने थबथबलेला, खूपच भारी. आणायचाच तर तोच आणा.

सिंगापूरमध्ये परत शिरताना अरायव्हल कार्ड ऑनलाइन पुन्हा भरावं लागतं, फुकट आहे, बोटीत बसायच्या आधीच भरून टाका. आणि आपला सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना हे मुंबईहून निघतानाच कागदावर वाचून घ्या, नाहीतर पलीकडेच अडकाल. भावाला ड्युटी फ्रीची बाटली आणायची होती, पण त्यासाठी सिंगापूरबाहेर किमान 48 तास काढलेले लागतात, तो आईसमोर काही बोलला नाही, फक्त चेहरा पडला.

बोटीला पाचात चार, परतीच्या गोंधळाचा एक कापला. येताना वरची उघडी जागा मिळाली आणि आई तासभर तिथेच उभी होती, केसांचा पार झाडू झाला तरी.