स्लीव्ह की बायपास? किलोंआधी भुकेचा विचार करा

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती किलो उतरतील? निर्णय घेणाऱ्याने त्याआधी एक प्रश्न विचारावा असे मला मनापासून वाटते. माझी भूक कशी होईल? जठर कापून अरुंद करणारे स्लीव्ह असो वा अन्नाची वाट वळवणारा जठराचा बायपास, वजन दोन्हींत भरपूर उतरते. २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा. तो जितका जास्तीचा होता, त्यापैकी स्लीव्हने ६१ टक्के उतरला होता, बायपासने ६८ टक्के. एवढ्याशा फरकावर आयुष्यभराची निवड करू नये. दोन्ही ऑपरेशनांनंतर ताटापुढे बसणारा माणूस मात्र थोडा वेगळा असतो.

नुसत्या डाएटने काय होते ते आपल्याकडे गोव्यात घरोघरी माहीत आहे. चवथीचे नेवऱ्या-मोदक संपले की शीत बंद, पाव बंद, पहाटे चालणे सुरू. चार-सहा किलो जातात आणि नाताळपर्यंत परत येतात. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणे अन्यायाचे आहे. घ्रेलिन हे भूक लावणारे हार्मोन १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधले, आणि डाएटने वजन उतरले की ते वाढते हे पुढे दिसून आले. २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तर वजन उतरवून वर्ष झाले तरी लोकांचे घ्रेलिन चढलेले होते, आणि पोट भरल्याची जाणीव देणारी हार्मोन उतरलेली होती. शरीर गेलेले वजन परत मागत राहते. ऑपरेशनचे खरे काम इथे आहे, ही मागणीच कमी करण्यात.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढतात आणि एक अरुंद नळी उरते. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर भाग असतो, आणि घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होते. त्यामुळे स्लीव्हनंतर घ्रेलिन चांगलेच घसरते. पहिले काही महिने अनेकांना जेवणाची आठवणच राहत नाही. म्हापशाच्या माझ्या मामेबहिणीचे जेवण मी जवळून पाहिले आहे. बशीत दोन डाव पेज, काटे काढलेला बांगड्याचा लहान तुकडा, बस्स. एकेक घास ती खूप वेळ चावायची. पाचव्या-सहाव्या घासाला चमचा खाली ठेवायची. सोलकढी आवडीची, पण ती अर्ध्या तासाने, कारण जेवताना प्यायले की छातीत दाटून यायचे. पूर्वी संध्याकाळी सहाला भजी-पाव खाल्ल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती हाकच थांबली, असे ती म्हणाली.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलीटरची पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, फक्त अन्नाच्या वाटेवर नसते. इथे घ्रेलिनचे निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत. बायपासचा जोर दुसरीकडे आहे. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचते, तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची हार्मोन सोडतात, आणि जेवणानंतर त्यांची पातळी पूर्वीच्या कित्येक पट चढते. हे ऑपरेशननंतर काही दिवसांतच सुरू होते, वजन उतरायच्या आधी. ही हार्मोन स्लीव्हनंतरही वाढतात, पण बहुधा बायपासइतकी नाही.

मेंदूचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर्वी जठराभोवती पट्टा बसवण्याचे ऑपरेशन पुष्कळ व्हायचे. त्यातही जठराची वरची पिशवी लहानच होते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पट्टावाल्यांची आणि बायपासवाल्यांची एफएमआरआयवर, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते दाखवणाऱ्या स्कॅनवर, तुलना प्रसिद्ध केली. तेलकट-गोड पदार्थांची चित्रे दाखवली तेव्हा बायपासवाल्यांच्या मेंदूतली आनंद-बक्षिसाची केंद्रे कमी पेटली. त्यांना ते पदार्थ तितकेसे मोहक वाटले नाहीत, त्यांच्या आहारात चरबीही कमी होती. दोन्ही गटांची भूक मात्र जवळपास सारखी होती! म्हणजे पिशवी लहान झाल्याने ओढ कमी होतेच असे नाही. आतड्याकडून मेंदूला जाणारा निरोप बदलावा लागतो. पट्टा आता मागे पडला आहे, आणि कोणी अजून सुचवलाच तर मी तरी नको म्हणेन.

ओढ कमी होण्यामागे एक कडू कारणही असते, ते म्हणजे डंपिंग. फोंड्याच्या एका बायपास झालेल्या परिचिताने लग्नात बेबिंकाची एक जाड फोड खाल्ली. थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळा. त्यांना मंडपामागच्या खोलीत आडवे करावे लागले. साखर आतड्यात एकदम उतरली की असे होते. गोडासाठी जीव टाकणाऱ्याला हा धाक उपयोगी पडतो. पण घरात दोदोल-बेबिंक नेहमीचे असेल आणि हात आवरत नसेल, तर याचा त्रास वारंवार होईल हे आधीच धरून चाला.

मधुमेह असेल तर माझे झुकते माप बायपासला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत देशात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक गोव्यात होते, २६.४ टक्के. त्यामुळे हा मुद्दा इथे कितीतरी घरांचा आहे. जुनी आम्लपित्ताची जळजळ असेल तरीही बायपास बरा, कारण स्लीव्हनंतर ती अनेकदा वाढते. उलट गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या रोज लागत असतील किंवा सिगारेट सुटत नसेल, तर बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका आहे, तिथे स्लीव्हचा विचार करावा. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या दोन्हींत जन्मभर, बायपासमध्ये अधिक काटेकोर.

दारूबद्दल गोव्यात स्पष्ट बोलायलाच हवे. दोन्ही ऑपरेशनांनंतर दारू फार लवकर रक्तात चढते. पूर्वी दोन पेग फेणी पचवणारा एकातच झिंगतो. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचे प्रमाण वाढलेले दिसले, विशेषतः बायपासनंतर. घरात कोणाला व्यसन असेल किंवा पिण्यात स्वतःचा हात सैल असेल, तर सर्जनपासून ते लपवू नका.

इंजेक्शनांचा पर्याय आता सगळेच विचारतात. सेमाग्लुटाइड म्हणजे त्याच जीएलपी-१ ची नक्कल. चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले, टिर्झेपॅटाइड या दुसऱ्या इंजेक्शनच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास. ऑपरेशनची भीती असेल किंवा वजन फार नसेल तर आधी हे करून पाहण्यात शहाणपण आहे. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. खर्च मांडायचा तर महिन्याचा न मांडता अनेक वर्षांचा मांडा.

ऑपरेशननंतरही भूक दीड-दोन वर्षांत थोडी परतते, आणि काहींचे वजनही. म्हणून सर्जन निवडताना पुढची पाच वर्षे तपासायला कुठे जायचे आहे हे विचारा. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याला करून काणकोणला राहणाऱ्याला दर वेळी एवढा प्रवास झेपेल का, की रक्त इथेच तपासून फोनवर सल्ला मिळेल? मूल हवे असेल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेही तारखेआधीच बोलून घ्या. आणि जळजळ असो वा नसो, निवड पक्की करण्याआधी एंडोस्कोपी, म्हणजे नळीतून जठर आतून पाहण्याची तपासणी, करून घ्या. सूज किंवा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) तिथेच दिसतो, आणि कित्येकदा स्लीव्ह की बायपास हा वाद त्या रिपोर्टवरच मिटतो.