‘नोकरीची हमी’ देणारा कोर्स आणि नावावर चढलेलं कर्ज

‘सध्या फीचे पैसे नाहीत’ असं विद्यार्थ्यानं सांगितलं की फसव्या क्लासचा काउन्सेलर नाराज होत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. ‘आत्ता काहीच भरू नकोस. महिन्याला हप्ता दे, नोकरी लागली की पगारातून सहज फिटेल,’ म्हणत तो मोबाइल मागतो. पॅन, आधार, सेल्फी, बँक खातं, मग दोन-तीन ओटीपी. चहा संपायच्या आत सगळं उरकतं. लातूरहून किंवा जळगावहून पुण्यात आलेल्या मुलाला वाटतं, आपण फी हप्त्यानं भरतोय. प्रत्यक्षात त्याच्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज चढलेलं असतं आणि ती रक्कम थेट क्लासच्या खात्यात जमा होणार असते.

डेटा सायन्स, फुल स्टॅक, सॉफ्टवेअर टेस्टिंग, डिजिटल मार्केटिंग, विषय कुठलाही असो, फसवणूक होते ती या ओटीपीच्या क्षणी. पुढचं सगळं त्याचाच परिणाम.

हिशेब असा. समजा फी ६०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०,८००. बारा हप्ते केले की महिना ५,९००. ‘शून्य टक्के व्याज’ हे अर्धंच खरं असतं. वित्त कंपनी आपलं व्याज आधीच कापून उरलेली रक्कम क्लासला देते आणि क्लासनं ती कपात फीमध्ये आधीच धरलेली असते. म्हणून ‘सगळी फी आज रोख भरली तर किती?’ हा प्रश्न जरूर विचारावा. फी जितकी उतरेल तितकं व्याज. प्रोसेसिंग फी त्याहून वेगळी.

वर्षाची फी सुरुवातीलाच हातात पडल्यावर क्लासला विद्यार्थ्याला धरून ठेवायचं कारण उरत नाही. डेमोला दिसलेले अनुभवी सर महिनाभरात गायब होतात. त्यांच्या जागी गेल्याच बॅचचा एखादा विद्यार्थी उभा राहतो किंवा रेकॉर्ड केलेले व्हिडिओ लावले जातात. दोन बॅच एकत्र होतात. ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ म्हणून टायटॅनिकच्या प्रवाशांची माहिती आणि घरांच्या किमतींचा अंदाज हेच जुने, इंटरनेटवर फुकट मिळणारे नमुने हाती दिले जातात. मुलाखत घेणाऱ्यानं ते इतक्यांदा पाहिलेले असतात की रेझ्युमेवर वाचूनच तो पुढचं पान उलटतो.

हमीची खरी व्याख्या पावतीच्या मागे किंवा ‘अटी व शर्ती’च्या लिंकमध्ये असते. हजेरी ९० टक्के, प्रत्येक चाचणीत ठरावीक गुण, दहावीपासून ६० टक्के, शिक्षणात खंड नको, पहिली ऑफर कुठल्याही शहरातली आणि कुठल्याही पगाराची असली तरी नाकारायची नाही. यातली एक अट मोडली की हमी संपली, आणि ती मोडेल अशीच रचना असते: चाचणीची तारीख आदल्या रात्री कळते, हजेरीची नोंद क्लासच्याच अॅपवर. शिवाय ‘प्लेसमेंट’ या शब्दात कॉल सेंटरची नोकरीही बसते आणि तीन महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिपही. काही ठिकाणी तर लेखी फक्त ‘मुलाखतीची संधी’ एवढंच असतं आणि ‘नोकरी’ हा शब्द तोंडीच वापरला जातो.

नोकरी लागत नाही म्हणून मुलगा हबकला की दुसरा सापळा येतो आणि आमच्या मते तो पहिल्याहून वाईट. ‘फ्रेशरला कोणी घेत नाही, तुला तीन वर्षांचा अनुभव लावून देतो.’ म्हणजे कुठल्या तरी नावापुरत्या कंपनीचं अनुभवपत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या. त्याचे पैसे वेगळे. नोकरी देणारी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा यूएएनवरची (पीएफच्या कायम क्रमांकावरची) पीएफ नोंद, २६एएस या आयकर विवरणातला टीडीएस आणि बँक स्टेटमेंट एकमेकांशी ताडून पाहते. तिथं खोटं उघडं पडतं, कधी रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी. नोकरी जाते, आणि बनावट कागद त्यानं स्वतः सादर केलेले असल्यामुळे क्लासविरुद्ध तक्रार करायलाही तो धजावत नाही. क्लासला नेमकं हेच हवं असतं.

भिंतीवरच्या प्रमाणपत्रांना भुलू नये. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, शिकवण्याच्या दर्जाबद्दल नाही. ‘उद्यम’ नोंदणी कोणालाही स्वतःच्या घोषणेवर ऑनलाइन फुकट मिळते. ‘सरकारमान्य’ म्हटलं की कोर्सचा पात्रता कोड मागावा आणि तो एनसीव्हीईटी या केंद्राच्या व्यवसाय शिक्षण परिषदेच्या राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत शोधावा. कोड नसेल तर कोर्स वाईटच असं नाही, पण ‘सरकारमान्य’ या शब्दावर लेखी पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नये.

प्लेसमेंट झालेल्यांचे नंबर क्लासकडून घेऊ नयेत, ते पढवलेले असतात. लिंक्डइनवर क्लासचं नाव टाकून वर्षभरापूर्वीचे विद्यार्थी स्वतः शोधावेत आणि पाच-सहा जणांना विचारावं. डेमोऐवजी चालू बॅचचा एखादा मधलाच तास बसून पाहायला मागावा. नकार मिळाला तर तिथूनच परत फिरावं. आणि त्याआधी महिनाभर तोच विषय फुकट शिकून पाहावा. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर शिकणं मोफत आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बरेच धडे मराठीतही आहेत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लूपपाशीच कंटाळा आला तर ७०,८०० रुपये वाचले.

ओटीपी देऊन झाला असेल तर पहिला दिवस महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनुसार कर्जातून माघार घ्यायला किमान एक दिवसाची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा व्याज-आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आधी सांगितलेलं असेल तर प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते. मुदत किती ते कर्जाच्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे मुख्य अटींच्या पत्रकात, लिहिलेलं असतं. पैसे क्लासकडे गेलेले असल्यामुळे क्लास आणि वित्त कंपनी दोघांना त्याच दिवशी ईमेल करावा.

मुदत उलटली असेल तर रागाच्या भरात ऑटो-डेबिट बंद करू नये. मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, रद्द झालं तरी कर्ज रद्द होत नाही. उलट दंड वाढतो आणि सिबिल बिघडतं. क्लासला नोटीस ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवावी. वित्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिथं क्लासच्या शिकवण्याबद्दल रडून उपयोग नाही. की फॅक्ट स्टेटमेंट दिलं नाही, कर्ज आहे हे सांगितलं नाही, वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करतात, असे कर्जदात्याविरुद्धचे मुद्दे मांडावेत.

क्लासविरुद्धची जागा म्हणजे ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वित्त कंपनीलाही प्रतिपक्ष करून हप्ते थांबवण्याचा अंतरिम आदेश मागावा. क्लासचा वकील ‘शिक्षण ही ग्राहक सेवा नाही’ म्हणेल. पण राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२० मध्येच कोचिंग संस्थांना शिक्षणसंस्थांच्या त्या सवलतीबाहेर ठेवलं आहे. ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगला नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला १३ नोव्हेंबर २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे, तेही तक्रारीत लिहावं. एकाच बॅचमधले अनेकजण फसले असतील तर पोलिसांकडे एकत्र जावं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) त्यासाठीच आहे.

या सगळ्याला पुरावा लागतो. जाहिरातीचे तारखेसकट स्क्रीनशॉट, पावत्या, कर्जाचा करार आणि काउन्सेलरशी झालेलं बोलणं पहिल्या नोटिशीच्या आधीच जमवून ठेवावं. नोटीस पोचली की क्लास पहिल्यांदा विद्यार्थ्याला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढतो आणि मग जाहिरात बदलतो.