ओम्नीचं इंजिन काम: पिस्टन बाजारातला, पाइप कंपनीचा

कोल्हापुरात राजारामपुरीतनं शिरोली एमआयडीसीला रोज दुपारी जेवणाचे ऐंशी डबे जातात आणि ते माझ्या मारुती ओम्नीतनं जातात. गाडी २०११ ची. मार्चमध्ये पंचगंगेचा पूल ओलांडता ओलांडता सीटखालून चटके बसायला लागले. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळं गाडीला ताप आला की आधी चालवणाऱ्याच्या बुडाला कळतं, काट्याकडं लक्ष नंतर जातं. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण डबे गार होतील म्हणून दोन किलोमीटर तशीच रेटली. ही चूक माझी, मिस्त्रींनी ती मला अजून तीनदा तरी ऐकवली आहे.

फुटला होता रेडिएटरचा होज पाइप. आठ महिन्यांपूर्वी मीच घेतलेला, बिननावाचा, निम्म्या दरात मिळाला म्हणून खूश होऊन घेतलेला. पाणी गेलं, ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकडं झालं, त्याच्याखालचं गॅस्केट, म्हणजे पॅकिंग, गेलं आणि मधल्या सिलिंडरचा पिस्टन घासला. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, नुसत्या हेडवर भागत नाही आता. फुल इंजिन काम."

मग सुरू झाला पार्ट कंपनीचा की बाजारातला हा घोळ. आमचे हे म्हणाले, सगळं कंपनीचं घाल. शेजारच्या रिक्षावाल्या भावजींचं म्हणणं, कंपनीचं म्हणजे नुसत्या खोक्याचे पैसे. दोघंही अर्धवट बोलत होते हे मला उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉप आणि पार्टच्या दुकानांच्या भागात, चार दिवस हेलपाटे घातल्यावर कळलं.

काउंटरवर माल तीन तऱ्हांचा मिळतो. एक, मारुतीच्या डब्यातला: होलोग्राम, पार्ट नंबर, छापील एमआरपी. दोन, पिस्टन, रिंगा, गॅस्केट बनवणाऱ्या नावाजलेल्या कारखान्यांचा, त्यांच्या स्वतःच्या डब्यातला. उषा, गोएत्झे, आयपीएल, व्हिक्टर, बॅन्को ही नावं तिथं तुम्हाला ऐकू येतीलच. तीन, बिननावाचा, किंवा नाव असं की मूळ नावातलं एक अक्षर बदललेलं. या तिसऱ्याला काही दुकानदार तोंड भरून "ओइएम", म्हणजे गाडीच्या कंपनीला पुरवला जातो तोच माल, म्हणतात. तो शब्द ऐकला की मी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचते. कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं मीही विकते. कुणी बनवलं, पत्ता काय, महिना-वर्ष, किंमत, हे सगळं पाकिटावर छापल्याशिवाय मला विकता येत नाही. मसाल्याला जे लागतं ते पिस्टनच्या डब्यावर नसेल, तर मी तो डबा परत ठेवते.

"कंपनीचा आणि हा एकाच कारखान्यातला माल आहे, ताई," हे वाक्य मी तीन दुकानांत ऐकलं. कोल्हापुरात ते पटकन पटतंही. मेनन पिस्टन्स इथंच शिरोलीत, मेनन बेअरिंग्ज गोकुळ शिरगावात, फाउंड्र्या तर दोन्हीकडं. गाडी कुणाचीही असो, आतलं काहीतरी आपल्याच गावात ओतलेलं असेल असं वाटतं. पण मी स्वतः एकाच चुलीवर दोन दरांचे डबे करते. हात तोच, तेल तेच, पण नव्वदच्या डब्यातली भाजी निवडून घेतलेली असते आणि साठच्या डब्यातली तेवढी नसते. माझ्याच एका गिऱ्हाइकानं, जो मशीन शॉपला आहे, नेमकं हेच सांगितलं: भट्टी एक असेल, पण ड्रॉइंग कुणाचं आणि तपासणी किती कडक, ते डब्यावर येत नाही. तेव्हा एकच कारखाना म्हणजे एकच माल, हे मी तरी धरून चालत नाही.

आता पिस्टन. कंपनीचा सेट मागवावा लागणार होता, आठ दिवस. ओम्नी बनवणं २०१९ ला बंद झालं, त्यामुळं ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, माल समोर तयार असेलच असं नाही. ओम्नीचा मूळ बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक, ६८.५ मिलिमीटरचा. ओरखडा खोल होता, ०.२५ ओव्हरसाइजमध्ये निघाला नसता, म्हणून ०.५० चा, म्हणजे ६९ चा बोअर करायचा ठरलं. बोअरिंगवाल्या काकांनी ब्लॉक ठेवून घेतला आणि मशीनला हात लावायला नकार दिला. "आधी पिस्टन आणा. पिस्टन मोजल्याशिवाय मी बोअर करत नाही. डब्यावर ६९ लिहिलंय म्हणून पिस्टन ६९ चा असत नाही." खरंच आहे ते. पिस्टन आणि बोअरमध्ये ठरलेली फट राहावी लागते, ती केसाहून बारीक. फट कमी पडली तर गरम झाल्यावर पिस्टन धरतो, जास्त झाली तर खडखडतो आणि ऑइल पितो. म्हणून प्रत्येक बोअर त्या त्या पिस्टनच्या मापाला होन करायचा, म्हणजे शेवटचा बारीक घासायचा, आणि पिस्टनवर एक-दोन-तीन नंबर टाकायचे.

मी आधी स्वस्तातला सेट नेला होता. काकांनी मायक्रोमीटर लावला: दोन पिस्टन सारखे, तिसरा २० मायक्रॉननं बारीक. तेवढं होनिंगमध्ये सांभाळता येतं म्हणाले. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, गाडीत मसाल्याचा वजनकाटा होता तो आणला. तिसरा पिस्टन बाकी दोघांपेक्षा सहा ग्रॅम जड! मापाला बारीक आणि वजनाला जास्त. तीन सिलिंडरचं इंजिन आधीच थरथरणारं, त्यात हे. सेट परत केला. दुकानदारानं कुरकुर न करता घेतला, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. गाडीत बसवला नसेल तर परत घेतात, बसवल्यावर कुणी ओळखही दाखवत नाही.

दुसरा सेट नावाजलेल्या कारखान्याचा, त्यांच्याच डब्यातला. माप तिन्हींचं सारखं, वजनात एका ग्रॅमचा फरक. तोच बसवला. कंपनीच्या सेटपेक्षा साधारण तीस टक्के स्वस्त पडला आणि आठ दिवस वाचले.

इथं माझं आणि मिस्त्रींचं जुंपलं. त्यांचा हिशेब सगळ्यांसारखा: इंजिनाच्या आतलं कंपनीचं, बाहेरचं कुठलंही. माझा उलटा. पिस्टन बसवण्याआधी मोजता येतो, तोलता येतो. रबर मोजता येत नाही. होज पाइप, टायमिंग बेल्ट, ऑइल सील, व्हॉल्व्ह सील हातात घेतलं तर नवं ते नवंच दिसतं. खरं काय ते एक उन्हाळा काढल्यावर कळतं, तेही पुलावर. म्हणून मी दोन्ही होज, बेल्ट, सगळी सीलं आणि हेड गॅस्केट कंपनीचं घेतलं. बेअरिंगही कंपनीचं, कारण त्याची जाडी मोजता येते पण वरचा थर कसला आहे ते मोजता येत नाही. ऑइल पंपाला मिस्त्रींनी माझं मत विचारलंच नाही, स्वतःच कंपनीचा आणला. बरं केलं.

हेड फेसिंग, बोअरिंग, क्रँक पॉलिश, मजुरी, ऑइल धरून साडेसव्वीस हजार झाले. सगळं डोळे झाकून कंपनीचं घातलं असतं तर अंदाजे तीन हजार जास्त. एवढ्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला, असं यांनी विचारलं. डब्याचा धंदा करणाऱ्या बाईला विचारायचा हा प्रश्न नव्हे.

पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर नेली नाही, हायवेला मागचे हॉर्न मारून दमले. मग ऑइल बदललं. जुन्या ऑइलमध्ये बारीक चमक होती, ती नव्या कामात असतेच म्हणे. आता सात महिने आणि नऊ हजार किलोमीटर झाले. धूर नाही, दोन ऑइल बदलांच्या मध्ये वरून घालावं लागत नाही, काटा मध्याच्या खाली. पूर्ण भरून तावडे हॉटेलच्या चढाला दुसरा गिअर लागायचा, आता तिसऱ्यावर निघते.

बोअरिंगवाल्या काकांना पाचपैकी पाच. वेळेला साडेतीनच, कारण "उद्या संध्याकाळी" म्हणजे परवा दुपारी. पार्टच्या दुकानाला चार: जीएसटीचं बिल न मागता दिलं, पण तो सहा ग्रॅमवाला सेट अजून शेल्फवर आहे, मी परवाच पाहिला.

एका ठिकाणी मात्र मी माझंच ऐकलं नाही. शेवटी पैसे संपत आले तेव्हा इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते, बाजारातलं घेतलं, वर्षभर तरी चालेल म्हणून. तेही रबरच. सहाव्या महिन्यात दबून बसलं, आता आयडलला डब्यांची झाकणं वाजतात. कंपनीच्या माउंटिंगची ऑर्डर दिली आहे, गुरुवारी येतंय.