गिटचे आठ महिने आणि न वाचता येणारी फाइलींची नावे

गिट ही फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली; ती काय करते हे वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून ब्रँच, मर्ज आणि वेग यांबद्दल लिहीत नाही. ती सारी कामे गेल्या आठ महिन्यांत बिनबोभाट झाली. माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे : फाइलीचा पाथ (फोल्डरांसकट तिचे नाव) पडद्यावर ज्या रूपात दाखवला जातो ते रूप.

माझ्या बहुतेक फाइलींची नावे देवनागरीत आहेत. 'अहवाल' नावाच्या फाइलीत बदल करून 'गिट स्टेटस' ही बदललेल्या फाइलींची यादी देणारी आज्ञा चालवली, की नावाच्या जागी \३४०\२४४\२०५ अशी सुरू होणारी आकड्यांची माळ येते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि गिट प्रत्येक बाइट एक बॅकस्लॅश व अष्टमान (० ते ७ अंकांच्या) पद्धतीतले ३ अंक असा छापते. म्हणजे काना धरून ५ चिन्हांच्या 'अहवाल'साठी पडद्यावर ६० चिन्हे. त्यातही प्रत्येक वेळी आधी \३४० आणि मग \२४४ किंवा \२४५ हेच येत असल्यामुळे 'मसुदा' आणि 'मसुदे' यांतला फरक माळेच्या शेपटाशी जाऊन शोधावा लागतो.

नेमक्या याच दोन फाइलींनी मला गोत्यात आणले. 'मसुदा'मधले बदल टाकून द्यायचे होते, म्हणून स्टेटसमधली माळ अवतरणचिन्हांसकट उचलून 'गिट रिस्टोअर'ला दिली, तर असा पाथ आपल्याला माहीतच नाही असे उत्तर आले. स्वतःच छापलेले नाव स्वतःच ओळखू नये, हे मला अजून पचलेले नाही. शेवटी घाईत टॅब दाबून नाव पुरे केले, ते 'मसुदे' निघाले आणि कमिट न केलेले, म्हणजे गिटमध्ये नोंदवून न ठेवलेले, दोन तासांचे काम गेले.

त्या रात्री नावे अशी आकड्यांत छापायची की नाही हे ठरवणारी 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग सापडली. ती 'फॉल्स' केली आणि एका ओळीत सगळी नावे मराठीत दिसू लागली; आनंदापेक्षा राग अधिक आला. पुढे कळले, की नावात टॅब किंवा नवी ओळ असली तर ही यादी वाचणाऱ्या स्क्रिप्टची (छोट्या प्रोग्रामची) फसगत होऊ नये म्हणून असे अवतरण (नाव अवतरणचिन्हांत, सांकेतिक रूपात लिहिणे) करावे लागते, आणि अशी नावे 'फॉल्स' केल्यावरही अवतरणातच येतात. हे कारण मला पटले. मात्र त्या धोक्याशी 'अ'चा काय संबंध, हे पटले नाही. स्क्रिप्टसाठी नावे जशीच्या तशी देणारा 'झेड' हा पर्याय मुळात आहेच.

नावे वाचता येऊ लागल्यावर दुसरी गोष्ट खुपू लागली. आतल्या फोल्डरमधून 'स्टेटस' पाथ तिथून मोजून दाखवते, बदललेल्या ओळी दाखवणारे 'डिफ' मात्र रिपॉझिटरीच्या (गिट सांभाळते त्या सगळ्या फाइलींच्या साठ्याच्या) मुळापासून. त्यामुळे 'डिफ'मधून उचललेला पाथ, बदल कमिटसाठी निवडणाऱ्या 'गिट अ‍ॅड'ला तिथे सापडत नाही. त्यावर 'डिफ'चे पाथही चालू फोल्डरपासून मोजणारी 'डिफ.रिलेटिव्ह' ही सेटिंग चालू करून पाहिली, तर फोल्डरबाहेरचे बदल दिसेनासेच झाले, आणि अर्धवट कमिट झाल्यावर ते माझ्या लक्षात आले. ती सेटिंग काढून टाकली. आता उचललेल्या पाथच्या आधी कोलन आणि तिरकी रेघ लावतो. मग तो मुळापासून धरला जातो.

मागच्या आठवड्यात नव्या मशीनवर रिपॉझिटरी क्लोन केली (तिची प्रत उतरवली; माझी सेटिंग मात्र सोबत आली नाही), पहिला बदल केला आणि 'स्टेटस' चालवले. पुन्हा \३४०\२४४.