सांगलीचा मे, साताऱ्याचा जुलै: बिअर्डेड ड्रॅगनला काचेची पेटी की प्लायची?

मिरजेच्या सुताराला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असं माप सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "टीव्ही युनिटला एवढी खोली कशाला?" सरड्यासाठी आहे म्हटल्यावर त्यानं पेन्सिल परत कानावर ठेवली आणि माझ्याकडे जरा वेळ नुसतं बघितलं.

माप मात्र तेवढंच लागतं. पूर्ण वाढलेला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे हा पाळीव सरडा, शेपटीसकट ४५ ते ६० सेंमी भरतो. दुकानात पिल्लासोबत दोन फुटी माशांची टाकी गळ्यात मारतात, आणि पिल्लू वर्ष-दीड वर्षात त्या टाकीत वळायलाही अवघडतं. म्हणजे 'आता लहान घेऊ, पुढं मोठी बघू' याचा अर्थ दोनदा खर्च. तो पर्याय इथंच बाद करा.

प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. पेटीच्या एका टोकाला ऊन खायच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश हवा, दुसऱ्या टोकाला २५ ते २८, आणि हवेतली आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास. त्याला अंग तापवायचं आणि निववायचं ते जागा बदलूनच, म्हणून दोन्ही टोकं सारखीच महत्त्वाची. प्रश्न एवढाच की तुमच्या खोलीत हे कुठली पेटी जमवून देते.

काचेची पेटी दिसायला देखणी, धुवायला सोपी, पाण्यानं फुगत नाही. पण काच उष्णता धरत नाही आणि वरच्या जाळीतून उरलेली निघून जाते. शिवाय चारही बाजूंनी काच असली की ड्रॅगनला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. काही जण त्याला परका समजून दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, काळी करतात, दिवसभर काच खरवडत बसतात. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून कागद चिकटवला की बहुतेक वेळा हे थांबतं.

प्लायची पेटी, पुढं सरकत्या काचा, हा माझा कौल. प्लाय ऊब धरतो, त्यामुळं ऊब देणाऱ्या कमी वॅटच्या बल्बवर भागतं. घ्यायचा तर आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय. सांध्यांना आतून सिलिकॉन भरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत कडा फुगतात. रंग किंवा पॉलिश केलं तर वास पूर्ण जाईपर्यंत, दोन-तीन आठवडे तरी, जनावर आत सोडू नका. प्लाय हलका पडतो असा समज आहे, तो तितकासा खरा नाही. १२ मिमी प्लाय आणि पुढची काच धरून पेटी तीस किलोच्या पुढं जाते, ५ मिमी काचेची साधारण ३६ किलो.

नुसत्या जाळीचा पिंजरा दिवसभराच्या घरासाठी नको. सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास बाहेर ठेवायला मात्र तो उत्तम. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नका, ती भट्टी होते.

आता गावाचा फरक. साताऱ्यात गोडोलीला माझा मेव्हणा राहतो. जुलै-ऑगस्टात त्याच्या कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. आधीच्या काचेच्या पेटीवर पूर्ण जाळीचं झाकण होतं, त्यामुळं खोलीतली ओल सरळ आत. प्लायच्या पेटीत हवा तापलेली राहते आणि हवा तापली की सापेक्ष आर्द्रता आपोआप उतरते. डिसेंबरात त्याची खोली पहाटे १६-१७ वर येते. तेव्हा थर्मोस्टॅटला (तापमान बघून आपोआप चालू-बंद करणाऱ्या बटणाला) जोडलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावावा लागतो. लाल-निळे 'रात्रीचे' बल्ब मात्र नकोत, त्याला झोपायला काळोखच लागतो. साताऱ्यासाठी निर्णय सोपा: प्लाय.

सांगलीत अडचण उलटी. माझ्या विश्रामबागच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३६ अंश असतात, तिथं थंड टोक २८ वर येणारच नाही, निदान आत ऊब तरी साचू नये. म्हणून सुताराकडून थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर अशी जाळीची रुंद झरोकी करून घेतली. गार हवा खालून शिरते, तापलेली वरून निघते. मे महिन्यात दुपारी बल्ब बंद, फक्त यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारी) ट्यूब चालू. नदीकाठी, मारुती चौकाच्या बाजूला घर असेल तर मी प्लायचा आग्रह धरणार नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको. तिथं काच घ्या, नाहीतर वरच्या मजल्यावर ठेवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की तीस किलोचं खोकं जिन्यावरून चढवायला माणसं मिळत नाहीत.

ट्यूबवर पैसे वाचवू नका. यूव्हीबी नसेल तर शरीराला कॅल्शियम वापरता येत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो. काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते, त्यामुळं खिडकीतलं ऊन या कामाचं नाही. जाळीही बरीच खाते. काचेच्या पेटीत ट्यूब जाळीच्या वर बसते. प्लायमध्ये ती आत, छताला लावता येते, हा माझ्या मते प्लायचा सगळ्यात मोठा फायदा. टी-५ प्रकारची (बारीक नळीची), १० ते १२ टक्के यूव्हीबीची, दोन फुटी ट्यूब, ऊन खायच्या दगडापासून फूट-सव्वा फुटावर. दिसायला चालू असली तरी वर्षानं बदलायची. बल्बचा होल्डर सिरॅमिकचाच, प्लास्टिकचा वितळतो, आणि बल्बभोवती जाळीचं कवच. तापणारे 'हॉट रॉक' पोट भाजतात, ते दुकानातच राहू देत.

खाली वाळू नको, पिल्लांच्या पोटात साठते. घरात उरलेल्या खरबरीत फरशीचे तुकडे पुरतात.

ड्रॅगनचं बिल जपून ठेवा. शेजारच्या काकूंना तो घोरपडीचं पिल्लू वाटला होता, आणि घोरपड पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

पेटी आली की आठवडाभर रिकामीच चालवा आणि दोन्ही टोकांचं तापमान सकाळ, दुपार, रात्र वहीत लिहा. मेव्हण्यानं मार्चमध्ये लिहिलं तर दुपारी तीनला थंड टोक ३३ निघालं. पेटी पश्चिमेच्या खिडकीखाली होती. समोरच्या भिंतीला सरकवली, दुसऱ्या दिवशी २८. ड्रॅगन त्यानंतरच्या रविवारी आत सोडला.