सीडी४-सीडी८ पॅनेल : एकदा घ्या, दरवेळी नको

एचआयव्हीसाठी साधी सीडी४ (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या संरक्षक पांढऱ्या पेशी) तपासणी मागितली की खासगी लॅब हमखास ‘पॅनेल’ पुढे करतात. रिपोर्टवर सीडी३ (सगळ्या टी पेशी), सीडी४, सीडी८ (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी) आणि सीडी४ भागिले सीडी८ हे गुणोत्तर असते. जादा पैसे मोजायचे ते या गुणोत्तरासाठी.

जुनाट संसर्गात सीडी४ पेशी घटतात, पण विषाणूमागे लागलेल्या सीडी८ पेशी वाढतात आणि औषधे सुरू झाल्यावरही बऱ्याच जणांत वाढलेल्याच राहतात. निरोगी माणसात गुणोत्तर साधारणपणे १ च्या वर असते. व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) दबला, सीडी४ ६०० झाला, पण सीडी८ १,२०० असेल तर गुणोत्तर ०.५ च. शरीरातली धुमस शमलेली नाही, हे नुसत्या सीडी४ वरून कळले नसते. मात्र या आकड्यावरून डॉक्टर गोळ्या बदलत नाहीत. औषध लागू पडतेय का, ते व्हायरल लोडच सांगतो. म्हणून उपचाराच्या सुरुवातीला एकदा पॅनेल ठीक, दर सहा महिन्यांनी खर्च नको.

लॅब निवडताना एकच प्रश्न विचारा: मोजणी थेट मशीनवर होते की सीबीसीवरून (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीवरून) गुणाकार करून? गुणाकाराच्या पद्धतीत पांढऱ्या पेशी ६,०००, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३० टक्के आणि त्यातले सीडी४ २२ टक्के धरले तर ३९६ येतात. लिम्फोसाइट २० टक्के नोंदले गेले की तेच २६४. सीडी४ चे टक्के जागच्या जागी, आकडा मात्र १३२ ने खाली, आणि पेशंटची झोप उडते. ठरावीक संख्येचे मणी रक्तात मिसळून थेट मोजणारी पद्धत जास्त भरवशाची. तरीही रिपोर्टवरचे टक्के आधी पाहावेत. ते कमी हलतात.

खरी गडबड नमुन्यात होते. जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली नळी भरल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, नाहीतर गुठळी होते आणि पेशी तिच्यात अडकतात. नळी खोलीच्या तापमानालाच ठेवायची. घरून रक्त नेणारा मुलगा सगळ्या नळ्या बर्फाच्या डब्यात टाकू लागला तर तिथेच थांबवा. शनिवारी संध्याकाळचा नमुनाही टाळा. रविवारी मशीन बंद असेल तर तो शिळा होतो. उपाशी राहायची गरज नाही, पण वेळ दरवेळी तीच ठेवा, कारण सीडी४ सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरतो. ताप किंवा स्टेरॉइड चालू असताना आलेल्या आकड्यावर विसंबू नये.

काही पॅकेजांत ‘इम्युनिटी फंक्शन’ असा मोघम शब्द असतो. पॅनेल पेशी मोजते, त्यांची ताकद नाही. विषाणू सतत समोर राहिला की सीडी८ पेशींवर पीडी-१ या प्रथिनासारखे ब्रेक चढतात. त्या संख्येने भरपूर दिसतात, पण मारण्याची धार गेलेली असते. ही थकावट मोजणे अजून संशोधनाच्या प्रयोगशाळेतले काम आहे, त्यासाठी पैसे मोजू नका.

सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात औषधे, सीडी४ आणि व्हायरल लोड मोफत आहेत. सीडी४ २०० च्या खाली आला तर पॅनेलच्या नादी न लागता आधी टीबी आणि क्रिप्टोकॉकस (मेंदूच्या आवरणाला संसर्ग करणारी बुरशी) अँटिजेनची तपासणी करून घ्या.