त्सोंगह्वाच्या गरम कुंडांची स्वस्त सहल घेताय? आधी हे वाचा

१६८५ युआन. रुपयांत वीस हजारांच्या आसपास. एका रविवारात गेले आणि सासूबाईंच्या वाट्याला काय आलं, तर पाय बुडवायचा हौद.

चीनमधल्या ग्वांगझौमध्ये राहणाऱ्यांनी त्सोंगह्वा या शहराच्याच गरम कुंडांच्या भागातल्या सहलीची जाहिरात पाहिली असेलच. वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपच्या ग्रुपांवर फिरते: रेडॉनयुक्त पाणी, जाण्यायेण्याची बस, जेवण, मोठ्यांना १२८, मुलांना ६८. आम्ही तीन मोठे आणि मुलगी, ४५२ भरले. १४ नंबरची मेट्रो त्सोंगह्वापर्यंत जाते हे काय मला माहीत नव्हतं? पण सासूबाई कल्याणहून आलेल्या, त्यात त्यांचे गुडघे. मेट्रो बदलत न्यायचं जिवावर आलं.

संताप होतो तो पैसे भरतानाचं आठवून. स्क्रीनवर कंपनीचं नाव यायला हवं होतं. आलं काय, तर दोन फुल्या आणि पुढे एक चिनी अक्षर. म्हणजे कुणाचं तरी खासगी खातं! मी ते वाचलं, बोट थांबलंसुद्धा. तेवढ्यात जाहिरात टाकणाऱ्या बाईचा मेसेज, 'चारच जागा उरल्यात.' दाबलं. ग्रुपवर इतक्या जणी 'मस्त झाली ट्रिप' म्हणत असताना तुम्ही काय केलं असतं?

बस आधी थांबली ती लॅटेक्सच्या उशांच्या दुकानात. खरेदीची सक्ती नाही म्हणे, पण कुणी काही घेईपर्यंत ड्रायव्हरचा पत्ता नाही. मुलगी रडकुंडीला आली तेव्हा नवऱ्याने ६८०ची उशी घेतली. वर 'स्वखुशीने घेतली' अशा चिनी चिठ्ठीवर सही. अशी सही कधीच करू नका, बस सुटली तर सुटू दे.

गेटवर कळलं की आमच्या तिकिटात फक्त तो पायांचा हौद. आतल्या कुंडांचे मोठ्यांना १५८, मुलीला ७९, म्हणजे आणखी ५५३. पोरगी पोहायची टोपी घालून उभी, नाही कसं म्हणणार? आत गेल्यावर पोहण्याचा पोशाख नाही म्हणून सासूबाईंना कुंडात उतरू दिलं नाही. त्यांचे १५८ही परत नाहीत. त्या मुकाट हौदाशी जाऊन बसल्या. मुकाट कसल्या, 'वज्रेश्वरीला काय वाईट होतं' हे संध्याकाळपर्यंत ऐकवत होत्या.

तक्रारीचं तर विचारूच नका. हेल्पलाइनने पर्यटन कार्यालयाकडे पाठवलं. तिथे पहिला प्रश्न, 'करार कोणत्या कंपनीशी?' करार नाही. 'मग हा खासगी व्यवहार.' पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. दुकान म्हणालं, सही तुमचीच ना? चीनचा पर्यटन कायदा २०१३ पासून लागू आहे. त्याच्या ३५व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की स्वस्त सहलीचं आमिष दाखवून खरेदीतून कमाई करायची नाही, आणि केली तर सहल संपल्यापासून ३० दिवसांत ग्राहक माल परत करायला सांगू शकतो, पैसे आधी ट्रॅव्हल कंपनीने द्यायचे. कलम फोनवर वाचून दाखवलं. 'हो, पण ते ट्रॅव्हल कंपनीला लागू.' अहो, बिनपरवाना धंदा करणारा कायद्यातून मोकळा आणि परवाना काढणारा अडकणार? यावर पलीकडून नुसतं 'समजून घ्या'.

खासगी खात्यात पैसे टाकू नका. फापियाओ, म्हणजे पक्की पावती, मिळणार का ते आधी विचारा. टाळाटाळ झाली की समजा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट लगेच काढा, त्या बाईने मला ब्लॉक केल्यावर तिच्या मोमेंट्समधलं, म्हणजे वीचॅटवरच्या पोस्टमधलं, एक अक्षर दिसत नाही.

पुढे मेसेज आला: तक्रार निकाली, सेवेला गुण द्या. मी एक तारा दिला. त्यावर लगेच फोन, असमाधानाचं कारण काय? पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. नोंद घेतो म्हणाले.